आधी किनारा, मग अर्ज: कोकणातून निसर्गविज्ञानाच्या पदव्युत्तर शिक्षणाकडे

दरवर्षी जून उजाडला की मला फोन येतात. मुलं देवगड, राजापूर, गुहागर, श्रीवर्धनकडची असतात. "मॅडम, बी.एस्सी. झालं. पर्यावरणात पुढे काहीतरी करायचंय. ॲडमिशन कुठे घेऊ?" त्यांची कळकळ खरी असते, पण तोवर बऱ्याच ठिकाणचे फॉर्म भरून झालेले असतात, एक-दोन प्रवेशपरीक्षाही होऊन गेलेल्या असतात. आणि "कुठे" हा प्रश्न तसा तिसऱ्या नंबरचा. पहिला प्रश्न "कशाचा अभ्यास करायचाय", दुसरा "कोणाच्या हाताखाली". ही दोन उत्तरं हातात असली की तिसऱ्याला फार वेळ लागत नाही.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला बसणाऱ्या मुलामुलींसाठी हा लेख आहे. म्हणजे परीक्षा, अर्ज, पत्रव्यवहार या सगळ्याला पुरेसा वेळ हातात आहे असं मी धरून चालते. पदवी आधीच झाली असेल तरी हरकत नाही. एक वर्ष घरी राहून खालची पहिली पायरी नीट करा, ते वर्ष वाया जाणार नाही.

एक जागा, एक वही, एक वर्ष

घरापासून चालत किंवा सायकलने जाता येईल अशी एक जागा निवडा. खाडीकाठचं कांदळवन, कातळाचा सडा, खडकाळ किनारा, देवराई, बंदरावरचा मासळीचा लिलाव, काहीही चालेल. अट एकच, तिथे वर्षभर ठरलेल्या दिवशी जाणं जमलं पाहिजे. आंबोलीला वर्षातून दोनदा जाऊन काढलेल्या पन्नास सुंदर फोटोंपेक्षा घरामागच्या खाडीतल्या चोवीस नोंदी निवड समितीपुढे जास्त बोलतात. हे मी मुलाखतीच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून पाहिलंय.

माझी जागा खडकाळ किनाऱ्याची होती. तिथे काम करायचं तर भरती-ओहोटीचं गणित आलंच पाहिजे, आणि ते मला पुस्तकाआधी शेजारच्या आजोबांनी शिकवलं. त्यांनी सगळं आयुष्य रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, काढलेलं. पक्षातली तिथी घ्यायची, तिला पाऊणने गुणायचं, येईल तो आकडा भरती पूर्ण होण्याची वेळ. दशमीला दहा पाऊण साडेसात, म्हणजे साडेसातला भरती आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी, दीडच्या आसपास, ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला पंधरा पाऊण सव्वाअकरा, म्हणजे सव्वापाचच्या सुमारास पाणी सर्वांत खाली. उधाणाचं पाणी वर जितकं चढतं तितकंच खालीही उतरतं, म्हणून एरवी पाण्याखाली असणारे खडक त्याच दोन-तीन दिवसांत उघडे पडतात. खाडीत आत जाल तशी ही वेळ पुढे सरकते, कारण पाण्याला आत चढायला वेळ लागतो. तुमच्या जागेचा फरक किती, हे पंधरा दिवस घड्याळ लावून बसून स्वतः काढा. तुमच्या वहीतला पहिला खरा निष्कर्ष तोच असेल.

साहित्य फार लागत नाही. प्लंबिंगच्या पीव्हीसी पाइपचे चार तुकडे आणि चार एल्बो जोडून अर्धा मीटर बाय अर्धा मीटरची चौकट करायची. हार्डवेअरच्या दुकानात ती कमी पैशांत होते. चौकट खडकावर ठेवायची आणि आत जे आहे ते मोजायचं. चौकट ठेवण्याची जागा मात्र "इथे खूप दिसतायत" म्हणून निवडायची नाही. पहिल्या दिवशीच खडक ठरवा, त्यावर खुणा ठरवा आणि दर वेळी तिथेच ठेवा. माझ्या जुन्या वहीतलं एक पान असं आहे:

"पौर्णिमा, फेब्रुवारी. पाणी सर्वांत खाली संध्याकाळी ५:३५. हिशेबाने ५:१५, फरक २० मिनिटं. खडक ३, चौकट २. कालवं १४ जिवंत, ६ रिकामी. काळ्या गोल गोगलगायी ३१. डाव्या कोपऱ्यात वाळू चढलीय, मागच्या उधाणाला नव्हती. वारा उत्तरेचा. दोघी जणी खडक १ वर कालवं फोडतायत."

या पानावर एकही शास्त्रीय नाव नाही. तेव्हा मला ती माहीत नव्हती. नावं पुढे फोटोंवरून आणि शिकवणाऱ्यांच्या मदतीने लावता आली, पण त्या कोपऱ्यात वाळू कधी चढली हे नंतर कोणीही सांगू शकलं नसतं. "६ रिकामी" हे दोन शब्द पुढे माझ्या एम.एस्सी.च्या प्रबंधाचा विषय झाले. कालवं फोडून नेली की मागे एक शिंप खडकाला चिकटून राहते. ती माणसाने फोडलेली की गोगलगायीने भोक पाडून खाल्लेली, हे कडेवरून ओळखू येतं. ओहोटीला खडकावर जाणाऱ्या बायकांना हा फरक तोंडपाठ होता, मला तो शिकायला एक हंगाम लागला.

म्हणून वही लिहिताना तीन गोष्टी पाळा. जे मोजलं ते आणि जे वाटलं ते वेगवेगळं लिहा. "काही दिसलं नाही" हीसुद्धा नोंद आहे, तो रकाना रिकामा सोडू नका. आणि घरी आल्यावर त्याच रात्री नोंदी संगणकावर किंवा मोबाइलच्या एक्सेलमध्ये चढवा, वहीच्या पानाचा फोटो काढून ठेवा. पावसाळ्यात वही भिजते, शाई पसरते, आणि चार महिन्यांचं काम एका संध्याकाळी जातं. पेन्सिल वापरा, पेन्सिल पाण्याने पुसली जात नाही. पक्ष्यांच्या नोंदी ईबर्ड या संकेतस्थळावर, बाकीच्या आयनॅचरलिस्टवर टाकत राहा. तिथे ओळख पटवून देणारे जाणकार भेटतात आणि तुमच्या नोंदींना तारीख-वेळेचा पुरावा मिळतो.

एका नोंदीचं मोल किती असतं त्याचं ताजं उदाहरण गुहागरचं आहे. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये टॅग लावलेली एक ऑलिव्ह रिडले कासवीण जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालायला आली. टॅगवर नंबर होता ०३२३३. पूर्व किनाऱ्यावरची मादी पश्चिम किनाऱ्यावरही विणीला येते, ही मोठी गोष्ट कळली ती रात्री किनाऱ्यावर हजर असलेल्या माणसाने तो नंबर नीट वाचून नोंदवला म्हणून.

नोंदीतून प्रश्न, प्रश्नातून शाखा

सहा-सात महिन्यांनी वही चाळा. ज्या गोष्टीकडे तुम्ही न ठरवता पुन्हा पुन्हा वळलात तिथे तुमचा विषय असतो. "पर्यावरण" हा विषय नाही. ते एक मोठं आवार आहे, आणि आत शिरायला दारं वेगवेगळी आहेत.

समजा तुम्ही कासवांच्या गावात राहता. वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली, आणि आता किनाऱ्यावरच्या अनेक गावांत हॅचरी, म्हणजे घरट्यातली अंडी हलवून सुरक्षित उबवायच्या जागा, आहेत. कासवाच्या पिल्लाचं लिंग अंडी ज्या वाळूत उबतात तिच्या तापमानावर ठरतं. वाळू जास्त गरम असेल तर माद्या जास्त. मग हॅचरीतली वाळू आणि मूळ घरट्याच्या जागेची वाळू यांच्या तापमानात फरक पडतो का? हा प्रश्न प्राणिशास्त्र किंवा वन्यजीवशास्त्राचा. पण त्याच किनाऱ्यावर वाळू दरवर्षी किती सरकते, धूप कुठे वाढली, हा प्रश्न सागरविज्ञानाचा किंवा भूविज्ञानाचा. आणि कासव महोत्सवातून गावात आलेला पैसा कोणाच्या घरात पोचतो, हा प्रश्न समाजविज्ञानाच्या बाजूचा. किनारा एकच, पण तीन वेगळ्या पदव्या.

सड्यांचंही तसंच. रत्नागिरी-सिंधुदुर्गाचे कातळसडे उन्हाळ्यात काळेठिक्कर आणि ओसाड दिसतात, कागदोपत्री त्यांना पडीक जमीन म्हणतात. पाऊस पडला की त्याच कातळावर दीपकाडीची पांढरी फुलं येतात. ही कोकणी दीपकाडी जगात दुसरीकडे कुठे उगवत नाही. मागोमाग सीतेची आसवं डबक्यांच्या कडा निळ्या करतात. त्याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत, जी २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. आणि तेच सडे सुरुंग लावून, माती भरून हापूसच्या बागांखाली जातायत. इथे वनस्पतिशास्त्र आहे, डबक्यांतल्या पाण्याची परिसंस्था आहे, जमीनवापराचा नकाशाअभ्यास आहे. मला विचाराल तर कोकणात आज सर्वांत निकडीचं काम सड्यांवर आहे, आणि ते करणारी माणसं फार थोडी आहेत.

ज्यांचं मन बंदरावर रमतं त्यांनी मत्स्यविज्ञानाकडे जावं, फक्त एक अट आधीच समजून घ्या. मत्स्यविज्ञानाची पदव्युत्तर पदवी, म्हणजे एम.एफ.एस्सी., मुख्यतः बी.एफ.एस्सी. झालेल्यांसाठी असते, आणि वनशास्त्राच्या एम.एस्सी.लाही सहसा वनशास्त्र किंवा कृषीची पदवी लागते. साधं प्राणिशास्त्र केलेल्या मुलांना हे फॉर्म भरायला बसल्यावर कळतं आणि फार निराशा होते. बारावीत असलेली धाकटी भावंडं असतील तर त्यांना आत्ताच सांगून ठेवा.

आता "कुठे"

घराजवळून सुरुवात करते. दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे. तिथे वनशास्त्राचं महाविद्यालय आहे, आणि त्याच विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय रत्नागिरीजवळ शिरगावला आहे. झाडगावचं सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र १९५८ पासूनचं. तिथलं मत्स्यालय सहलीला पाहिलेलं असेलच, आता एकदा विद्यार्थी म्हणून जा आणि नमुन्यांवरची नावं वाचा. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, तिथला प्रवेश भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या परीक्षेतून होतो.

सिंधुदुर्गातल्या मुलांना माझा आग्रहाचा सल्ला: गोवा विद्यापीठाचा विचार मुंबईआधी करा. तिथे सागरविज्ञानाचा स्वतंत्र एम.एस्सी. अभ्यासक्रम आहे, वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्रही आहे, आणि दोनापावलला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था हाकेच्या अंतरावर आहे. सावंतवाडीहून रेल्वेने करमळीला उतरलं की विद्यापीठ जवळच. शनिवार-रविवारी घरी येऊन आपल्या जागेची नोंद चालू ठेवता येते, हा फायदा कोणत्याही माहितीपुस्तिकेत लिहिलेला नसतो. प्रवेशासाठी विद्यापीठाची स्वतःची परीक्षा असते.

पुण्यात आबासाहेब गरवारे महाविद्यालयाचा जैवविविधतेचा एम.एस्सी. आहे, भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्था आहे, सावित्रीबाई फुले विद्यापीठाचा पर्यावरणशास्त्र विभाग आहे. शिवाय वनस्पती सर्वेक्षण आणि प्राणी सर्वेक्षण या दोन्ही राष्ट्रीय संस्थांची पश्चिम विभागीय केंद्रं पुण्यातच आहेत. वर्गीकरणात, म्हणजे जाती ओळखण्या-नोंदवण्याच्या कामात, रस असेल तर त्यांचे नमुनासंग्रह म्हणजे खजिना. मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ पासून काम करतेय.

राज्याबाहेर वन्यजीवशास्त्रासाठी दोन नावं सारखी ऐकू येतील. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र, म्हणजे एनसीबीएस. दोन्हीकडे मोजक्याच जागा असतात, आणि एनसीबीएसचा वन्यजीवशास्त्र व संवर्धनाचा एम.एस्सी. दरवर्षी नाही, एक वर्षाआड भरतो. त्यामुळे तुमचं पदवीचं वर्ष आणि त्यांचं प्रवेशवर्ष जुळतं का ते आधी बघा. तिथे नाही झालं म्हणजे संपलं असं मानू नका. जिल्ह्याच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून, त्याच वहीच्या जोरावर पुढे उत्तम पीएच.डी. केलेली मुलं मी पाहिली आहेत.

नव्या शैक्षणिक धोरणात चार वर्षांची पदवी घेतली असेल तर पदव्युत्तर पदवी एका वर्षात होऊ शकते, आणि ७५ टक्के गुण असतील तर थेट पीएच.डी.लाही अर्ज करता येतो. नियमात बसतं म्हणून लगेच करावं असं नाही. आपल्याकडे अर्धा निसर्ग पावसाळ्यात जागा होतो. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात एक अख्खा पावसाळा प्रबंधासाठी मिळतो. एका वर्षाच्या धावपळीत तो निसटायची भीती फार.

परीक्षांचं वेळापत्रक

हे थोडक्यात सांगते, कारण तारखा दरवर्षी पुढेमागे होतात आणि त्या संकेतस्थळावरच पाहायच्या. गेट आणि जॅम या देशपातळीवरच्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षांचे फॉर्म पावसाळ्याच्या शेवटाला निघतात आणि परीक्षा फेब्रुवारीत होते. गेटमध्ये परिसंस्थाशास्त्र व उत्क्रांती असा स्वतंत्र पेपर आहे, हे आपल्याकडच्या बऱ्याच मुलांना ठाऊकच नसतं. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी. तिचे फॉर्म हिवाळ्यात आणि परीक्षा साधारण मार्चमध्ये. एम.एस्सी. करताना किंवा झाल्यावर नेट, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षा: सीएसआयआर नेट जीवविज्ञानात, किंवा यूजीसी नेट पर्यावरणशास्त्रात. दोन्ही वर्षातून दोनदा. यूजीसी नेटच्या गुणांवर आता पीएच.डी.चा प्रवेशही होतो. प्राध्यापकी करायची असेल तर राज्याची सेट परीक्षाही देऊन ठेवा.

तयारीत सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे संख्याशास्त्र. जीवशास्त्राची मुलं गणिताला भिऊन इकडे येतात आणि इथे ते पुन्हा समोर उभं राहतं. सरासरी, प्रमाण विचलन, दोन गटांतला फरक खरा की योगायोगाचा, एवढं तरी स्वतःच्या वहीतल्या आकड्यांवर करून बघा. आर नावाची संगणकप्रणाली आणि नकाशांसाठी क्यूजीआयएस, दोन्ही फुकट आहेत. स्वयम आणि एनपीटीईएलवर यांचे अभ्यासक्रमही फुकट मिळतात.

इंग्रजीची धास्ती मी समजू शकते. बारावीपर्यंत सेमी-इंग्रजी, आणि मग एकदम संशोधन लेख. मी जे केलं तेच सांगते: आठवड्याला एकच लेख घ्यायचा, आधी त्यातले तक्ते आणि आलेख बघायचे, मग शेवटचा भाग वाचायचा, आणि पाच ओळींत मराठीत लिहायचं की यांनी काय विचारलं, काय मोजलं, काय सापडलं. वर्षाला पन्नास लेख होतात. लेख विकत घ्यायला लागत असेल तर लेखकाला साधा ईमेल करा, बहुतेक जण आनंदाने पाठवतात.

आणि पोहायला शिका. समुद्राकाठी वाढून पोहता न येणारी कितीतरी मुलं आहेत, मुली तर फारच. सागरी विषय घेणार असाल तर मालवणजवळ तारकर्लीला राज्याच्या पर्यटन महामंडळाचं (एमटीडीसी) स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे, पण आधी विहिरीत का होईना, पोहणं.

मार्गदर्शकाला पत्र

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगते. एम.एस्सी.चा प्रबंध असो, उन्हाळी प्रशिक्षण असो की पीएच.डी., माणूस चुकला तर चांगली संस्थाही कामाला येत नाही. ज्यांच्याकडे काम करायची इच्छा आहे त्यांचे अलीकडचे दोन लेख वाचल्याशिवाय पत्र लिहू नका. जमलं तर त्यांच्या आत्ताच्या एका विद्यार्थ्याशी बोला आणि सरळ विचारा: सर किंवा मॅडम भेटतात का, मसुदा किती दिवसांत परत येतो, फील्डवर, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी, मुलींच्या राहण्याची सोय कशी असते.

"मला लहानपणापासून निसर्गाची आवड आहे, मला संधी द्यावी" अशी पत्रं त्यांच्याकडे रोज येतात. आवडीबद्दल शंका नाही, पण त्यातून त्यांना काहीच कळत नाही. पत्र इंग्रजीत लिहावं लागेल, आशय असा ठेवा:

"मी प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या गावच्या सड्यावर मी दोन पावसाळे पाच डबक्यांची दर आठवड्याला नोंद ठेवली आहे: पाण्याची खोली, पाणी किती दिवस टिकलं, बेडकांची पिल्लं दिसली की नाही. ज्या दोन डबक्यांतलं पाणी मध्येच आटलं तिथे पिल्लं पूर्ण वाढलेली दिसली नाहीत. डबकी पाचच आहेत, म्हणून हे मी खात्रीने म्हणू शकत नाही. तुमच्या लेखात तुम्ही डबक्यांची निवड ज्या पद्धतीने केली आहे ती मला माझ्या सड्यावर वापरून बघायची आहे. दोन पानी नोंदी सोबत जोडल्या आहेत. मे आणि जूनमध्ये मी सहा आठवडे पूर्णवेळ काम करू शकेन."

यात स्वतःची स्तुती नाही. काय केलं, काय दिसलं, काय अजून माहीत नाही आणि काय हवंय, एवढंच आहे. "खात्रीने म्हणू शकत नाही" हे वाक्य मुलं घाबरून काढून टाकतात. ते ठेवा. माझ्याकडे आलेल्या पत्रात ते दिसलं की मी पत्र शेवटपर्यंत वाचते. दोन आठवडे उत्तर नाही आलं तर एकदा नम्रपणे आठवण करा, मग पुढच्या माणसाकडे वळा.

पैसे

घरी हा विषय सगळ्यात आधी निघतो, आणि तो निघालाच पाहिजे. एम.एस्सी.च्या फीसाठी महाडीबीटी या राज्याच्या संकेतस्थळावरच्या योजना बघा. आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांसाठी राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती आहे, आणि प्रवर्गानुसार इतरही आहेत. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातपडताळणी ही कागदं पावसाळ्याआधी तयार ठेवा. तहसील कार्यालयात प्रवेशाच्या महिन्यात रांग लागते.

पीएच.डी.ला चित्र बदलतं. नेटमधून जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे एसआरएफ (वरिष्ठ अधिछात्रवृत्ती) झाल्यावर ४२,००० रुपये, वर घरभाडं भत्ता. हा दर जानेवारी २०२३ पासूनचा. जेआरएफ नसेल तर राज्याच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या संशोधन अधिछात्रवृत्त्या आहेत. परदेशी जायचं असेल तर कॉमनवेल्थ, एरास्मस मुंडस या जुन्या वाटा आहेतच, आणि राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठानानेही सागरी व कांदळवन विषयांसाठी परदेशी शिष्यवृत्ती सुरू केली. त्यांची जाहिरात लक्ष ठेवून बघा. आपल्या किनाऱ्यावरच्या मुलांनी त्यासाठी अर्ज केलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

फीची सोय कागदावर दिसते, पण पैसे उशिरा जमा होतात. पहिल्या सहा महिन्यांचं भाडं आणि जेवण यांची वेगळी तजवीज करूनच घर सोडा.

परवानगी, आणि गाव

माझी सगळ्यात महाग पडलेली चूक इथली आहे. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी मी एका संरक्षित क्षेत्रातले खडक निवडले आणि परवानगीचा अर्ज काम सुरू करायच्या महिनाभर आधी दिला. मंजुरी आली तोवर पावसाळा तोंडावर आलेला. अख्खा हंगाम गेला आणि जागा बदलावी लागली. तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना विषय ठरला त्याच आठवड्यात अर्ज लिहायला बसवते. सहा महिने धरून चाला.

कुठे परवानगी लागते? अभयारण्यात शिरून काम करायला लागते, उदाहरणार्थ १९८७ साली जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात. कासवं, प्रवाळ, समुद्री घोडे, समुद्री काकड्या हे सगळे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. त्यांना हात लावणं, नमुना घेणं, मेलेला जीव घरी आणणं, काहीही परवानगीशिवाय करायचं नाही. कांदळवनाची बरीचशी जमीन राखीव वन आहे. नुसतं लांबून बघून वहीत लिहायला सहसा अडचण येत नाही, तरी स्थानिक वनरक्षकाला आधी जाऊन भेटा. अर्जासोबत दोन पानी मराठी टिपण द्या: काय करणार, किती दिवस, काय उचलणार, काय नाही उचलणार.

कागदावरची परवानगी एक आणि गावाची दुसरी. देवराईत पाय टाकण्याआधी गुरव आणि मानकऱ्यांना विचारायचं, चप्पल कुठे काढायची तेही विचारायचं. बंदरावर मासळी मोजायची तर मच्छिमार सोसायटीच्या अध्यक्षांना भेटा आणि लिलावाच्या वेळी मध्ये मध्ये करू नका. बोलणं लिलाव संपल्यावर. जून-जुलैच्या बंदीच्या काळात होड्या वर ओढलेल्या असतात आणि माणसांना वेळ असतो. जुन्या माशांच्या, जुन्या जाळ्यांच्या आठवणी तेव्हाच निघतात. किनाऱ्यावरच्या लोकांनी बाहेरून येणारे पुष्कळ अभ्यासक पाहिले आहेत. आले, विचारलं, फोटो काढले, गेले, पुन्हा तोंड दाखवलं नाही. तुम्ही त्याच मातीतले आहात, तुमच्याकडून अपेक्षा जास्त आहे.

नावंही त्यांच्याकडूनच घ्या. तिवर, कांदळ, चिपी, मारांडी ही नावं आधी, लॅटिन नंतर. एकाच झाडाला दोन वाड्यांत दोन नावं असतील तर दोन्ही लिहा, वाडीच्या नावासकट.

पुढे काय

सगळ्यांनी पीएच.डी. करावी असं मला वाटत नाही. पाच-सहा वर्षं एकाच प्रश्नाशी राहायची तयारी असेल तरच करा. एम.एस्सी. झाल्यावर एमपीएससीच्या वनसेवेतून वनक्षेत्रपाल किंवा सहायक वनसंरक्षक होता येतं, यूपीएससीतून भारतीय वनसेवेत जाता येतं. वन विभागाचा कांदळवन कक्ष २०१२ पासून आहे, त्याच्या आणि संस्थांच्या प्रकल्पांवर जागा निघतात. पर्यावरण परिणाम मूल्यांकन करणाऱ्या सल्लागार कंपन्या आहेत. तिथे जाल तर फील्डवर न जाता जुन्या अहवालातून जातींची यादी उतरवण्याचं दडपण येऊ शकतं, त्याला नाही म्हणा. कोकणातल्या एखाद्या सड्याचं भवितव्य त्या यादीवर ठरत असतं.

प्रबंध जमा झाला की आणखी एक काम उरतं. त्याचा चार-पाच पानी मराठी सारांश करा, साध्या भाषेत, नकाशासह. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही ठेवायला सांगितलं आहे. पुष्कळ गावांत ती नोंदवही एकदाच भरून कपाटात गेलीय. तुमचा सारांश तिला जोडायला द्या, ग्रामसभेत दहा मिनिटं मागून घ्या आणि लोकांपुढे वाचून दाखवा. आंबोलीत हिरण्यकेशीच्या कुंडातल्या माशाची नवी जात २०२० मध्ये नोंदवली गेली आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झाली. दोडामार्गात बांबर्ड्याच्या रानजायफळाच्या दलदलीलाही तोच दर्जा मिळाला. अशा प्रस्तावांना गावाच्या दप्तरातला कागद लागतो. म्हणून सारांश सरपंचांच्या हातात देऊन परत फिरू नका. ग्रामसेवकांकडे रीतसर जमा करा, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या, आणि ती प्रत वहीत चिकटवून ठेवा.